गाणं उलटं वाजवलं की सैतानाचं नाव ऐकू येतं, हे खरं का?

सिडकोची_आई: मुलगा दहावीला आहे. लेड झेपेलिन या इंग्रजी रॉक बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' हे गाणं सतत लावतो. नणंदेने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला: गाणं उलटं वाजतंय, खाली इंग्रजी ओळी, त्यात सैतानाचं नाव. मलाही ऐकू आलं! सासूबाई म्हणतात, गाणी डिलीट करा. मुलगा चिडून जेवलाही नाही. काय करू?

पंचवटी_साउंड: ताई, काही डिलीट करू नका. आवाज कापणं-जोडणं हे माझं रोजचं काम आहे. तुम्हाला ऐकू आलं ते खालच्या ओळींमुळे. ज्याने व्हिडिओ पाहिला नाही त्याला फोन पालथा ठेवून ऐकवा, काय कळलं ते विचारा, ओळी मग दाखवा. कॅनडातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी असंच तपासून 1985 मध्ये छापलंय. काय ऐकायचं ते आधी सांगितलं की लोकांना ते ऐकू येतं. उलट्या वाक्याचा अर्थ नकळत मनात शिरतो, याचा पुरावा मात्र त्यांना सापडला नाही.

तबल्याची थाप उलटी करून बघा. आधी आस, म्हणजे थापेनंतर घुमत राहणारा नाद, येते, ती फुगत जाते आणि थापेपाशी फटकन तुटते. बोलण्याचंही तेच होतं. शब्दांचा आकार जातो, नुसते ओढल्यासारखे आवाज उरतात आणि मेंदू त्यात ओळखीचं काहीतरी बसवतो.

मुद्दाम उलटं भरलेलंही असतं, ते नाकारत नाही. बीटल्सच्या 'रेन'च्या (1966) शेवटी उलटं गायन आहे. पिंक फ्लॉइडच्या 'एम्प्टी स्पेसेस'मध्ये (1979) तर छुपा संदेश शोधल्याबद्दल ऐकणाऱ्याचं अभिनंदन केलंय. पण ते सुलट केलं की सरळ ऐकू येतं, खाली ओळी लागत नाहीत. फरक इथेच कळतो.

कॉलेजरोड_वकील: हे कोर्टातही गेलंय. अमेरिकेत रीनो इथे 1990 मध्ये जूडास प्रीस्ट या रॉक बँडवर खटला चालला. एका तरुणाची आत्महत्या आणि दुसऱ्याचा आत्महत्येचा प्रयत्न, अशा प्रकरणात, गाण्यातल्या छुप्या 'डू इट'ने त्यांना उद्युक्त केलं, असा घरच्यांचा दावा होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला. ते शब्द म्हणजे गायकाचा श्वास आणि गिटार योगायोगाने एकत्र आल्याचा आवाज, असं त्यांचं मत पडलं.

सिडकोची_आई: सासऱ्यांना फोन पालथा ठेवून ऐकवलं. म्हणाले, काही कळत नाही. ओळी दाखवल्यावर लगेच म्हणाले, हो, आलं की! सासूबाई शेजारीच होत्या. थाप उलटी कशी करायची?

पंचवटी_साउंड: ऑडासिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाज सिलेक्ट करून इफेक्ट मेनूतलं रिव्हर्स दाबा. मुलालाच करू द्या, आणि आजीला शेजारी बसवा.