मदत हवी आहे : प्रशिक्षणाला नाव आलंय, साहेब कार्यमुक्त करत नाहीत

टेबल_चार :
सोमवारपर्यंत होकार कळवायचाय, म्हणून घाईत लिहितेय. नेतृत्व विकासाच्या पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला माझं नाव आलंय. साहेब म्हणतात, ‘ऑनलाइन करून टाका, प्रमाणपत्र मिळाल्याशी कारण.’ मला प्रमाणपत्र नकोय. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसायचे त्यांच्याच टिपण्या आता तपासाव्या लागतात. परवा एकीची टिपणी परत केली, तेव्हापासून ती बोलत नाही. हे ऑनलाइन शिकता येतं का? साहेबांना काय सांगू?

जुनी_नस्ती :
राज्य की केंद्र? पद कोणतं? पत्र तुमच्या नावाने आलंय की कार्यालयाकडे नावं मागवली आहेत?

निळी_शाई :
साहेब बरोबर सांगताहेत. आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर नेतृत्वाचे, संवादाचे भरपूर कोर्स आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमतावाढीचं मिशन कर्मयोगी २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलं तेच मुळी नुसत्या नियमावर चालणाऱ्या कामाकडून भूमिकेवर आधारलेल्या कामाकडे जायचं म्हणून. मी रात्री मुलं झोपल्यावर मोबाइलवर अकरा कोर्स पूर्ण केले.

जुनी_नस्ती :
कर्मयोगीच्याच तत्त्वांत कामाच्या जागचं शिक्षण हे बाहेरच्या प्रशिक्षणाला पूरक म्हटलंय, त्याच्याऐवजी नाही. आम्हाला वर्गात जोड्या लावून बसवलं होतं. एकाने चूक दाखवायची, दुसऱ्याने ऐकायचं. माझा आवाज चढतो हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समोरच्या माणसाने सांगितलं. व्हिडिओ बघून ते कळलं नसतं.

निळी_शाई :
प्रत्येकाला वर्ग मिळतोच असं नाही. लहान मुलं असलेल्या बाईने पाच दिवस घर सोडून कसं जायचं?

भत्ता_बिल :
प्रवास भत्त्याचं बिल परतल्यावर लगेच टाका. तिकिटं आणि हजेरीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. माझं वर्षभर अडकलं होतं.

टेबल_चार :
राज्य. तीन महिन्यांपूर्वी अधीक्षक झाले. पत्र थेट नावाने आहे. त्याच आठवड्यात लेखापरीक्षण आहे, पण ते काय दरवर्षीच असतं.

जुनी_नस्ती :
ताई, हे आधी सांगायचं होतं! लेखापरीक्षणाच्या आठवड्यात अधीक्षकाला कोण सोडेल? मीही सोडलं नसतं. पण तोंडी नकारावर विषय संपवू नका. २०११च्या राज्य प्रशिक्षण धोरणात पदोन्नतीनंतरचं प्रशिक्षण आहेच. ‘या तुकडीऐवजी पुढच्या तुकडीत नाव घ्यावं’ अशी टिपणी सादर करा. ते पाच दिवस कार्यभार कोण सांभाळणार हेही त्यातच लिहा. प्रशिक्षणाचा काळ कर्तव्यकाळ असतो, रजा मागतोय असा सूर नको. साहेबांना टेबल रिकामं राहण्याची काळजी असते, ती मिटली की सही होते.

पिवळी_टिपणी :
मला वेगळंच विचारायचंय. ती टिपणी परत कशी केलीत? बोलावून, की शेरा मारून?

टेबल_चार :
ई-ऑफिसवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन फाइलींच्या प्रणालीवर, शेरा मारून. ‘नियम न वाचता सादर केले आहे.’ चूक होतीच तिची.

पिवळी_टिपणी :
चूक असेल. पण ई-ऑफिसमध्ये हिरवी टिपणी म्हणजे कायमची नोंद, तिच्यावरचं पुसता येत नाही. नस्ती, म्हणजे फाइल, जाईल तिथे प्रत्येक जण ते वाचणार. मीही पहिल्या वर्षी हेच केलं आणि एक चांगला लिपिक कायमचा दुरावला. आता आधी खुर्ची ओढून शेजारी बसते, कोणता नियम राहिला ते दाखवते. मग शेऱ्यात फक्त ‘अमुक नियम पाहून फेरसादर करावे’ एवढंच. यासाठी पुढच्या तुकडीची वाट बघू नका.

रोजनिशी :
ई-ऑफिसचा विषय निघालाच आहे तर, युनिकोडमध्ये टाइप केलेली जोडाक्षरं पीडीएफमध्ये तुटतात. कुणाला उपाय माहीत आहे का?

निळी_शाई :
नवा धागा काढा.

टेबल_चार :
शेऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासाठी ती रोजचीच एक ओळ होती. पुढच्या तुकडीची टिपणी लिहायला घेतलीय. कार्यभारासाठी तिचंच नाव सुचवावं असं वाटतंय, काम तिला येतं.

जुनी_नस्ती :
सुचवा, पण आधी तिला विचारा. तिला ते नस्तीत वाचून कळायला नको.

टेबल_चार :
हो. सकाळी आल्या आल्या विचारते.