धाकट्याला घेऊन मोठ्या मुलाकडे राहायला गेले तर त्याचे संजय गांधीचे पैसे बंद होतात का?

लालबागची_आई:
नमस्कार सगळ्यांना. खूप दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा 29 वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम, युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड पिवळं, 75 टक्के. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. मी तीन ऑफिसांच्या पोळ्या करते आणि यांच्या पीएफची विधवा पेन्शन महिन्याला 1,900 येते, दोन्ही मिळून वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला 47,000 चा निघतो. दिव्यांगांना 50,000 ची मर्यादा आहे त्यामुळे त्याला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दर महिन्याला मिळतात, आधी 1,500 होते आता 2,500 झालेत, शिवाय महापालिकेचे सहा महिन्यांनी 6,000.

आता आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. मोठा विरारला राहतो, बायको आणि एक मुलगी, दोघं नवराबायको नोकरी करतात. तो म्हणतो आई पुरे झालं ते लाटणं, दोघं इकडे या. सूनही मनापासून बोलावते. मला जायचंय हो, गुडघे बोलायला लागलेत. पण शेजारच्या ताई म्हणाल्या की एका घरात गेलात की मोठ्याचा पगार धरतात आणि धाकट्याचं सगळं बंद. 2,500 कुणाला थोडे वाटतील, आमच्याकडे त्यात त्याच्या थायरॉइडच्या गोळ्या आणि वर्कशॉपला जायचा खर्च निघतो. आणि पैसे जमा झाले की पासबुक छापायला तो स्वतः येतो माझ्याबरोबर, मशीनमधून बाहेर आलं की नव्या ओळीवर बोट ठेवतो आणि म्हणतो "माझे". ते थांबलं तर त्याला काय सांगू मी?

परळचा_दादा:
काकू एवढा विचार कशाला करताय, रेशनकार्ड लालबागचंच ठेवा आणि राहा विरारला. कोण येतंय बघायला. बरेच लोक असंच करतात.

भावाची_बहीण:
दादा रागावू नका पण हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. आम्ही नेमकं हेच केलं होतं. माझा भाऊ सेरेब्रल पाल्सीचा, आई गेल्यावर माझ्याकडे आला पण कागदावर जुन्याच खोलीत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो ना, त्याची नोटीस गेली जुन्या पत्त्यावर, तिथे कुलूप. आम्हाला कळलं तेव्हा सात महिन्यांचे पैसे थांबलेले. मग त्याला व्हीलचेअरवर घेऊन ऑफिसात गेलो, बाईंनी रेशनकार्ड उघडलं आणि पेन एकेका नावावरून खाली नेत विचारत गेल्या, हे कोण, काय करतात, आत्ता कुठे राहतात. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली आणि भाऊ माझ्याकडे बघत होता, त्याला सगळं समजतं. तो दिवस मी विसरणार नाही.

काकू, ऑफिसात बघतात ते दोन कागद, कार्डावर कुणाकुणाची नावं आहेत आणि दाखल्यात कुणाकुणाचं उत्पन्न आहे. मोठ्याच्या कार्डात तुमची दोघांची नावं चढवलीत तर दोन पगार लागणार आणि 50,000 च्या आत काहीच राहणार नाही, तुमच्या शेजारणीचं तेवढं बरोबर आहे. रेशनकार्ड चुलीवर चालतं, एक चूल एक कार्ड. तुमचं कार्ड आजही तुम्हा दोघांचंच वेगळं आहे, मग चूलही खरोखर वेगळी ठेवता येईल का बघा. रिडेव्हलपमेंटचं दर महिन्याचं भाडं मिळेल ना बिल्डरकडून? ते घर घ्यायलाच असतं. त्यात मोठ्याच्याच बिल्डिंगमध्ये नाहीतर शेजारच्या गल्लीत वन रूम किचन घ्या, विरारला लालबागच्या मानाने भाडं खूपच कमी आहे. संध्याकाळी सगळे एकत्र जेवा हो, त्याला कुणाची मनाई आहे. फक्त भाड्याचे पैसे धाकट्याच्या खात्यात येऊ देऊ नका आणि करारनाम्याची कॉपी फाइलमध्ये ठेवा, कुणी विचारलं की पुढे करता येईल.

अजून एक, विरार म्हणजे पालघर जिल्हा, तालुका वसई. संजय गांधी राज्य सरकारची योजना आहे, 15 वर्षांची रहिवासाची अट महाराष्ट्रातली आहे, त्यामुळे हक्क जात नाही, पण इथली केस बंद करून वसई तहसीलला नव्याने उभी करावी लागेल, मध्ये काही महिने कोरडे जातील ते धरून चाला. महापालिकेचे 6,000 मात्र मुंबईत राहणाऱ्यांसाठी आहेत, ते सुटतील. बँक खातं तेच ठेवा, आधार जोडलेलं आहे तोवर बदलायची गरज नाही.

निवृत्त_पीएफ:
ताई, विधवा पेन्शन मिळते म्हणजे साहेब ईपीएस 95 मध्ये, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेत होते. मग मुलाची पेन्शन मागितली का कधी? एरवी मुलांना 25 वर्षांपर्यंतच मिळते, पण पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही. तुमच्या पेन्शनच्या 25 टक्के, म्हणजे 475 महिना. आणि तुमच्यानंतर ती अनाथ पेन्शन होते, 75 टक्के, जन्मभर. मेडिकल बोर्ड तपासतं. तो भाऊ-वहिनीकडे राहतो की एकटा याच्याशी तिचा काही संबंध नाही. माझ्या नोकरीत मी कितीतरी आयांना पाहिलंय, मूल चाळिशीचं झालं तरी हे माहीत नाही, आणि कुणी सांगतही नाही.

पण घाई करू नका, आधी बेरीज करा. वर्षाचे 5,700 आजच्या 47,000 मध्ये मिळवले की 52,700, म्हणजे मर्यादेच्या वर, आणि 475 साठी 2,500 जातील. पोळ्या थांबल्या की तुमच्या पेन्शनचे 22,800 आणि याचे 5,700 इतकंच राहील, तेव्हा अर्ज करा. हे उत्पन्न नव्या दाखल्यात सांगायचं, लपवायचं नाही.

मोठ्यालाही एक विचारा. तो जुन्या टॅक्स पद्धतीत असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग भावासाठी 75,000 ची वजावट मिळते, सीए लोक लगेच सुचवतात. पण तिकडे लिहायचं भाऊ माझ्यावर अवलंबून आणि तहसीलला लिहायचं आईच्या उत्पन्नावर, असं दोन्ही कसं चालेल? जे खरं असेल तेच दोन्हीकडे लिहा.

रेल्वेवाली_माई:
आमच्याकडे वेगळंच म्हणून लिहिते. ह्यांची रेल्वेची पेन्शन असल्यामुळे मुलीला संजय गांधी कधीच मिळालं नाही, पण आमच्यानंतर तिला फॅमिली पेन्शन जन्मभर आहे. त्यात फक्त तिची स्वतःची कमाई बघतात, भावाचा पगार नाही. म्हणून ह्यांनी हयातीतच तिचं नाव पेन्शनच्या कागदात घालून घेतलं. आणि लालबागच्या ताई, पालकत्वाचं करून ठेवा हो, 18 नंतर आई असली तरी कागदावर पालक नसते. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरकडे समिती असते, बौद्धिक अक्षमता असेल तर तिथे अर्ज होतो, कोर्टात जावं लागत नाही. निरामय आरोग्य विमाही घ्या, 1 लाखापर्यंत, त्याला उत्पन्नाची अट नाही.

लालबागची_आई:
वाचता वाचता डोळे भरून आले. मुलाच्या पेन्शनचं नऊ वर्षांत कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. मोठ्याला रात्री फोन केला, तो आधी हिरमुसला, वेगळी खोली कशाला म्हणाला, पण बहीणताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाला. रविवारी त्याच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याची खोली बघायला जाणार आहे, धाकट्याला जिने नको वाटतात. ऑफिसवाल्यांना महिनाअखेरीपर्यंतच्याच पोळ्या सांगितल्यात. कार्ड आधी हलवायचं की केस आधी बंद करायची ते इथल्या ऑफिसात विचारून येते आणि मग पुन्हा लिहिते.

विरार पश्चिमेला स्टेशनजवळ कुठल्या बँकेत पासबुकाचं मशीन नीट चालू असतं, कुणाला माहीत असेल तर सांगा. त्याने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय.