बाळाचे घरी काढलेले फोटो आणि त्यात मांडलेल्या वस्तू: तुमचे अनुभव

काल कपाट आवरताना सशाच्या कानांची लोकरी टोपी हाती लागली आणि बारा वर्षांपूर्वीची ती दुपार जशीच्या तशी आठवली. लेक तेव्हा दहा दिवसांची होती. टोपी मापापेक्षा मोठी विणली गेल्याने ती सारखी डोळ्यांवर घसरायची, आणि वर सरकवायला गेले की लेक जागी व्हायची. काढलेल्या साठेक फोटोंपैकी बहुतेकांत टोपी आहे, मुलगी नाही. कंटाळून टोपी बाजूला टाकल्यावर, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात, बाबांच्या तळहातावर टेकलेल्या तिच्या पावलाचा जो फोटो निघाला, तोच आज भिंतीवर आहे. तुम्ही काय मांडले होते, आणि काय फसले?

आमची वेताची टोपली फसली. रिकामी टोपली हलकी असते आणि बाळाचा भार एका कडेला आला की कलंडते, हे ती कलंडू लागल्यावर समजले. मग तळाशी जाड पुस्तके, त्यांवर दुमडलेली चादर, आणि टोपली पलंगावरून थेट जमिनीवर, असा बदल केला. तरीही आत ठेवताच बाळाने दचकून दोन्ही हात फेकले. ही जन्मजात प्रतिक्रिया साधारण चार ते सहा महिन्यांत ओसरते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. पत्नीचा हात सतत डोक्याशी होता, आणि तो प्रत्येक फोटोत आला आहे.

तो हात खोडू नका. हनुवटीखाली दोन्ही तळवे टेकवून बसलेल्या तान्ह्या बाळाचा जो फोटो सगळीकडे दिसतो, तो सहसा दोन फोटो जोडून तयार केलेला असतो. प्रत्येक वेळी कोणीतरी बाळाला धरलेले असते आणि ते हात मागाहून पुसले जातात. हे ठाऊक नसल्याने मी तसे करून पाहायला गेले, मान एका बाजूला झुकली, आणि त्या दिवशी कॅमेरा पुन्हा हाती घेतला नाही.

आम्ही आजोबांचा बूट मांडला होता. बाळाने नाडी तोंडात घातली. कार्यक्रम समाप्त.

दर महिन्याला त्याच खुर्चीत, त्याच कापडी अस्वलाशेजारी फोटो, एवढा एकच नेम आम्ही पाळला. पहिल्या महिन्यात अस्वल दांडगे दिसते, सहाव्यात दोघे बरोबरीचे, आणि बाराव्यात चिरंजीव त्याला कानाला धरून फरफटत नेत आहेत. मात्र अस्वलाचे डोळे बटणांचे होते, आणि नवव्या महिन्यातील फोटो काढून झाल्यावर त्यातला एक मुलाच्या गालात सापडला. बोट घालून तो काढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसरे बटण मी त्याच रात्री उसवून ठेवले, पण फोटोंत सातत्य हवे या हट्टापायी अस्वल बदलले नाही. दहाव्या महिन्यापासून ते आंधळे आहे.

वर हातांचा विषय निघाला म्हणून लिहितो: एकोणिसाव्या शतकात एका फोटोला कित्येक सेकंद लागत, तेवढा वेळ बाळ स्थिर राहावे म्हणून आईच कापडाखाली लपून त्याला मांडीवर धरून बसे. जुन्या फोटोंत बाळामागे झाकलेली ‘खुर्ची’ दिसली तर तिला खांदे आहेत का ते पाहावे.

त्या अस्वलाच्या डोक्याचा घेर कृपया कळवावा. टोपी डोळ्यांवर घसरली तरी आता त्याची काही तक्रार असणार नाही.