एका कानाने ऐकलेला अल्बम

आत्या: छोटूच्या अल्बमचं कव्हर कुणी काढलंय? मला खरंच राग आलाय. बशीएवढा चष्मा, काडीसारखी मान, गळ्यात टाय. पोरगं रात्र रात्र जागून गाणी करतं आणि कव्हरवर त्याचीच चेष्टा?

काकू: अक्का, मीही तेच म्हटलं त्याला. नुसता हसला.

दादा: आत्या, चष्मा तेवढाच आहे त्याचा. उलट चित्रकाराने हात आखडता घेतलाय.

आत्या: तू गप्प बस. तुझे शाळेतले फोटो अजून आहेत माझ्याकडे.

अण्णाकाका: सर्वांना नमस्कार. अल्बम वगैरे ठीक आहे. माझा प्रश्न एकच. प्रवेशाचा फॉर्म भरला का? सोमवार शेवटचा दिवस आहे.

मी: आत्या, ती चेष्टा नाही गं. जरा लांब लिहिते, पण वाच. कॅलिफोर्नियात डिसेंडंट्स नावाचा बँड होता, अजूनही आहे. 1982 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, त्याचं नाव 'मायलो गोज टू कॉलेज'. गायक मायलो ऑकरमन खरोखरच कॉलेजला निघाला होता, म्हणून नाव तेच ठेवलं आणि कव्हरवर त्याचं असंच चित्र, चष्मा आणि टाय. मुळात शाळेतल्या एका मुलाने त्याची टर उडवायला तसा चेहरा काढला होता. बँडने तो उचलला आणि चाळीस वर्षं होऊन गेली, आजही तेच त्यांचं निशाण आहे. पॉप-पंक, म्हणजे ही छोटी, वेगवान, गुणगुणता येणारी गाणी, वाजवणारी पोरं ते चित्र लांबून ओळखतात. छोटूच्या कव्हरवर मुद्दाम तसं काढलंय.

आत्या: म्हणजे टर उडवायलाच काढलेलं ना! मी काय वेगळं म्हणतेय?

मोठी काकू: सुप्रभात 🙏 आजचा दिवस आपणा सर्वांस आनंदाचा जावो 🌹

दादा: आई, दुपारचे दोन वाजलेत.

मोठी काकू: नेट नव्हतं रे सकाळी.

धाकटे काका: चित्राचं जाऊ द्या. अल्बम ऐकला का कुणी? की नुसतं कव्हरच पाहताय?

आत्या: ऐकला ना. चहा गॅसवर ठेवला आणि चहा उकळेपर्यंत निम्मा संपला. 12 गाणी आणि 19 मिनिटं! स्टुडिओचे पैसे तू भरलेस ना? मग पुरती गाणी तरी करून घ्यायचीस.

धाकटे काका: अक्का, पैसे उसने दिलेत. आणि ते मी आणि तो बघून घेऊ.

अण्णाकाका: पुन्हा विचारतो. प्रवेशाचा फॉर्म भरला का? सोमवार शेवटचा दिवस आहे.

मी: आत्या, या गाण्यांची लांबी एवढीच असते. सांगायचं होतं ते सांगून झालं की थांबायचं. मायलोच्या त्या अल्बमवर 15 गाणी आहेत आणि सगळा मिळून साधारण 22 मिनिटांचा. त्याच्या आधी, 1976 मध्ये, न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम आला. 14 गाणी, अर्ध्या तासाच्या आत. आठवडाभरात रेकॉर्ड केला, खर्च 6,400 डॉलरच्या आसपास. आणि काकांचं उसनं देणंही काही नवीन नाही. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी 1977 मध्ये चार गाण्यांची पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली, ती मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसन्या घेतलेल्या 500 पौंडांवर. आधी हजारच प्रती काढल्या होत्या, शेवटी हजारोंनी खपल्या.

धाकटे काका: हे बरं सांगितलंस.

आत्या: बरं, लांबीचं सोडलं. पण तिसऱ्या गाण्यात गिटारच नाही. नुसतं घूं घूं आणि मागे पत्रा वाजवल्यासारखं. एवढे दिवस स्टुडिओत जाऊन गिटार लावायची राहिली?

छोटू: आत्या, तुझ्या इअरफोनची उजवी बाजू चालते का?

आत्या: उजवी कधीचीच गेली. मागे बादलीत पडला होता ना. डावीवर चालतं माझं.

छोटू: मग तसंच ऐकू येणार गं 🙂 त्या गाण्यात बेस, म्हणजे खर्जातलं ते घूं घूं, पूर्ण डावीकडे आहे आणि गिटार पूर्ण उजवीकडे. ड्रम आणि आवाज मध्ये. रामोन्सच्या पहिल्या अल्बमवर असंच आहे, आम्हाला एका गाण्यात तरी ते करून बघायचं होतं. तुला आख्खी गिटार ऐकूच आलेली नाही.

दादा: आत्याने अर्ध्या अल्बमवर पूर्ण निकाल दिला.

आत्या: मला काय स्वप्न पडतं का, कोणत्या कानात काय ठेवलंय ते! आधी सांगायचं.

मी: छोटू, बाकीच्या गाण्यांचं पण सांग ना. चौथ्यात गिटार एवढी भरून येते, ते कसं केलंत?

छोटू: तीच गिटार दोनदा वाजवलीय. एक टेक, म्हणजे एकदा वाजवून रेकॉर्ड केलेलं, डावीकडे ठेवला, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर काही होत नाही, मधोमध एकच गिटार ऐकू येते. दुसऱ्यांदा वाजवताना हात थोडा पुढेमागे होतो, त्या फरकाने ती रुंद होते. पण फरक जास्त झाला की गचाळ वाटतं. शिवाय सगळे फटके वरून खाली. सोपं म्हणून खालून वर एकही मारायचा नाही, त्याने जोर जातो. चौथ्या गाण्याला 23 टेक लागले.

काकू: मनगट सुजून आलं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी गुंडाळून गेला तिसऱ्या दिवशी. मी शेकून द्यायचे रात्री. ते पाहिलेलं नाही कुणी. ग्रुपवर बोलणं सोपं आहे.

आत्या: मी कुणाला उद्देशून बोलले नाही.

काकू: मीही नाही.

आत्या: हा मेसेज डिलीट केला आहे.

अण्णाकाका: मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे. प्रवेशाचा फॉर्म भरला का? सोमवार शेवटचा दिवस आहे.

दादा: अण्णा, आता हा मेसेज वर पिन करून ठेवूया. मी मात्र खरं बोलणार. छोटू, दुसरं आणि पाचवं गाणं मला एकच वाटलं. चाल तीच, फक्त शब्द वेगळे.

छोटू: खरंय दादा. दोन्हीला तेच चार कॉर्ड आहेत, नुसते वरच्या पट्टीत नेलेत. आम्हालाही मिक्सिंगला बसल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता.

दादा: पण आठवं भारी आहे. तिथे तुम्ही सुटलेले वाटता.

छोटू: ते क्लिक न लावता वाजवलंय. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये सतत चालणारी टिकटिक, तिच्यावर सगळ्यांनी वाजवायचं, म्हणजे नंतर कापाकापी सोपी जाते. 9 गाणी तशी केली आणि 3 एका खोलीत समोरासमोर उभं राहून. कोरस आला की आमचा ड्रमर थोडा पळतो. क्लिकवर त्याला पळता येत नाही. जे आम्हाला आधीपासून ऐकायला यायचे त्यांच्यातल्या एकाने लिहिलंय, तुम्ही स्टेजवर असता तेव्हा मजा येते, अल्बम इस्त्री करून घडी घातल्यासारखा झालाय. दोन दिवस तेच डोक्यात आहे माझ्या.

मी: त्याचं पूर्ण चूक नाही रे. माझ्याही मनात ती 3 गाणीच राहिली. पण आपली माणसं अशीच रागावतात. ग्रीन डे हा बँड कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबात वाजवून मोठा झाला. स्वयंसेवकांनी चालवलेली जागा, मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बँडना तिथे मज्जाव. ग्रीन डेने मोठ्या कंपनीशी करार केला आणि त्याच क्लबाचं स्टेज त्यांना बंद झालं. 1994 मध्ये त्या कंपनीकडून आलेला अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला, पण ज्यांच्यासमोर शिकले त्यांचं दार पुढे कित्येक वर्षं बंदच राहिलं. त्यापुढे तुझ्या माणसाने निदान ऐकून लिहिलंय. शिवाय पहिल्या आठवड्यात काय बोलतात त्यावर ठरवू नकोस. रामोन्सचा पहिला अल्बम तेव्हा अमेरिकेच्या खपाच्या यादीत 111 व्या नंबरच्या वर गेला नाही. त्याला गोल्ड, म्हणजे मोठ्या खपाचा मान, मिळाला 2014 मध्ये, म्हणजे 38 वर्षांनी. तोवर मूळ चौघांतला एकटा ड्रमर टॉमी उरला होता, तोही त्याच वर्षी जुलैत गेला. हे आठवलं की मला अजून गलबलून येतं.

मोठी काकू: अरेरे 🙏🙏 भावपूर्ण श्रद्धांजली.

दादा: आई, त्याला बरीच वर्षं झाली.

मोठी काकू: म्हणून काय झालं?

धाकटे काका: छोटूचे पहिले डेमो जुन्या टेपरेकॉर्डरवर केलेले आहेत बरं का. अजून चालतो तो.

अण्णाकाका: कुठला टेपरेकॉर्डर?

धाकटे काका: आपला तो. चंदेरी.

अण्णाकाका: तो माझा होता. कुणी नेला ते मला आजतागायत कुणी सांगितलं नाही.

धाकटे काका: अण्णा, पुन्हा तेच? घर बदलताना तुम्ही स्वतः म्हणालात, घेऊन जा.

अण्णाकाका: मी म्हणालो होतो, दुरुस्त करून आण. घेऊन जा असं म्हणालो नव्हतो.

आत्या: मी तिथे होते. अण्णा 'बघ काय करायचं ते' म्हणाला होता. दोघेही चूक.

काकू: छोटू, तो टेपरेकॉर्डर उद्या अण्णांकडे नेऊन दे.

अण्णाकाका: मला नको आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. आणि दुसरा प्रश्न, प्रवेशाचा फॉर्म भरला का?

छोटू: अण्णाकाका, तेच जमत नाहीये. फॉर्म उघडतो आणि बंद करतो. मी गेलो की बँड थांबणार. ड्रमर दोन आठवडे माझ्याशी बोललेला नाही. शेवटच्या दिवशी मिक्सिंगलाही आला नाही.

अण्णाकाका: बँड काय, नंतरही होतो. शिक्षण नंतर होत नाही.

मी: अण्णाकाका, तुमचं म्हणणं मला पटतं, पण 'काय, नंतरही होतो' असं नका म्हणू. चार वर्षं वाजवलंय त्यांनी. छोटू, ग्रीन डेच्या 1990 च्या पहिल्या अल्बमवर जॉन किफमायर ड्रमला होता. अल्बम आला आणि तो शिकायला गेला. त्याच्या जागी ट्रे कूल आला, तो आजपर्यंत आहे. बँड थांबला नाही. आणि गायक बिली जोने तर त्याच सुमाराला शाळाच सोडली.

अण्णाकाका: शाळा सोडली! हेच. हेच म्हणतोय मी पहिल्या मेसेजपासून.

मी: पण बेसवाल्या माइक डर्न्टने शाळा पूर्ण केली, अण्णाकाका. तोही त्याच बँडमध्ये.

अण्णाकाका: मग त्याचं उदाहरण द्यायचं.

मी: बरं, मायलोचं देते. तो गेल्यावर त्यांचा ड्रमर बिल स्टीव्हनसन ब्लॅक फ्लॅग या दुसऱ्या बँडमध्ये वाजवायला लागला. तीन वर्षांनी, 1985 मध्ये, डिसेंडंट्सचा दुसरा अल्बम आला आणि त्यावर मायलोच गायला. मग पुन्हा गेला, पुन्हा आला. मध्ये पीएचडी केली, कित्येक वर्षं वनस्पतींवर संशोधन केलं, मधूनमधून येऊन अल्बम केले. छोटू, बँडमधल्या बाकीच्या तिघांनी त्याला निरोप म्हणून अल्बमला त्याचं नाव दिलं, कव्हरवर त्याचा चेहरा दिला. रागावलेला मित्र असं कव्हर काढत नाही रे.

छोटू: पण ताई, आपलं कव्हर ड्रमरने काढलंय हे तुला कोणी सांगितलं? फाइल मला बेसवाल्याने पाठवली होती. मला वाटलं त्यानेच काढलं.

मी: अरे, मी अंदाजानेच म्हणत होते.

काकू: ड्रमरनेच काढलंय. मला माहीत आहे. मागच्या मंगळवारी सकाळी आला होता, तू झोपला होतास. मी म्हटलं उठवते, तर नको म्हणाला. दारातच उभा होता. वहीचा कागद होता हातात, चार घड्या घातलेला. मला उघडून दाखवला, म्हणाला, काकू, मान नीट आलीय का बघा, बाकी जमलंय. मी म्हटलं, जरा बारीक झालीय. तर तिथेच खिशातून पेन काढून भिंतीला कागद लावून दोन रेघा ओढल्या. आणि सांगू नका म्हणाला, म्हणून मी बोलले नव्हते.

दादा: म्हणजे आत्ताची मान जाड करून एवढी आहे?

आत्या: तू गप्प बस रे. अगं, मग हे मला सकाळीच सांगायचं ना. मी उगाच त्या पोराला बोलले इथे.

काकू: त्याने शब्द घेतला होता अक्का. आता तुमच्यामुळे मोडला.

आत्या: माझ्यामुळे कसा?

मोठी काकू: पोराचे आईवडील कुठे असतात? स्वभावाने चांगला वाटतो.

दादा: आई, नको.

छोटू: कागद कुठे आहे?

काकू: कपाटात. तुझ्या मार्कशीटच्या फाइलमध्ये.

अण्णाकाका: मार्कशीटची फाइल काढतोच आहेस तर. प्रवेशाचा फॉर्म भरला का?

आत्या: अण्णा!

रात्री 11:40

छोटू: भरला. पावतीचा फोटो टाकतोय. ड्रमरकडे जाऊन आलो. मी निघायच्या आधीच्या शनिवारी शेवटचं वाजवायचं ठरलंय, सगळी 12 गाणी, क्लिक नाही. दुसरं आणि पाचवं एकत्र करून एकच करतोय, दादा.

दादा: मी येणार.

आत्या: मला इअरफोन आणून द्या कुणीतरी. दोन्ही कानांचा.

अण्णाकाका: पावतीवरचा आकडा पुसट आहे. पुन्हा नीट फोटो काढ आणि मूळ प्रत जपून ठेव. विषय जीवशास्त्रच ना?

छोटू: हो अण्णाकाका.

अण्णाकाका: तो मायलो काय शिकायला गेला होता?

मी: जीवशास्त्रच.

अण्णाकाका: ठीक. छोटू, अल्बमची लिंक पुन्हा पाठव. माझ्याकडे उघडत नाही. आणि येताना टेपरेकॉर्डर घेऊन ये, त्या डेमोची कॅसेट त्यातच असू दे.