पन्हाळेकाजी लेण्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत दापोलीला जातोय आणि या वेळी समुद्र, मासे वगैरे बाजूला ठेवून एक दिवस फक्त पन्हाळेकाजीला द्यायचाय. वाचलं तेवढ्याने डोकं गरगरलंय. कोटजाई नदीकाठी 29 लेणी, सुरुवात हीनयान (सुरुवातीच्या बौद्ध पंथाच्या) भिक्षूंच्या विहारांनी, मग 10व्या-11व्या शतकात तिथेच वज्रयानवाले (तांत्रिक बौद्ध) आले, त्यांच्या महाचंडरोषण या देवतेची मूर्ती वगैरे, पुढे शिलाहार राजांच्या काळात शिवलिंग आणि गणपती, आणि शेवटी नाथपंथीयांनी तिथेच मठ केला! म्हणजे भाडेकरू बदलत गेले, खोल्या त्याच. 1139 चा शिलाहार विक्रमादित्याचा ताम्रपट पण इथलाच, त्यात गावाचं नाव प्रणालक आहे.

आता अडचण अशी की मागच्या वेळी घाईत गेलो, मोबाईलच्या टॉर्चने फोटो काढले, तर 14 नंबरच्या लेण्यातले छोटे छोटे बसलेले सिद्ध (नाथपंथातले सिद्धपुरुष) सगळे सारखेच दिसतायत, दगड झिजलेला, शेवाळ चढलेलं. मत्स्येंद्रनाथ कोण नि गोरखनाथ कोण हे कशावरून ओळखायचं? आणि 19 नंबरच्या छतावर रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत ते मान मोडेपर्यंत बघूनही नीट लागले नाहीत, कुणी क्रम सांगू शकेल का?

शिवाय आई सोबत आहे, गुडघे दुखतात तिचे, तर गाडी कुठपर्यंत जाते आणि तिथल्याच गौर लेण्यापर्यंत तिला चालवेल का, तेही सांगा प्लीज. कुणाकडे दिवसाउजेडी काढलेले फोटो असतील तर इथेच टाका.