नोव्हेंबर की जानेवारी? अर्ली डिसिजनचे तुमचे अनुभव

सप्टेंबर लागला की अमेरिकेत सीनियर इयरला, म्हणजे बारावीला, मूल असलेल्या घरात एकच विषय असतो: कॉलेजचा अर्ज नोव्हेंबरच्या अर्ली फेरीत करायचा की जानेवारीच्या नेहमीच्या, म्हणजे रेग्युलर फेरीत, आणि अर्ली करायचं तर कुठे? आमच्याकडे हे दोन्ही मुलांच्या वेळी झालं आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं निघालं. म्हणून हा धागा.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी, एकाच कॉलेजला करता येतं. अर्ज बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरपर्यंत, निकाल डिसेंबरच्या मध्यावर, आणि प्रवेश मिळाला तर जायचंच. बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये अर्ज लवकर, पण बांधिलकी नाही; 1 मेपर्यंत ठरवता येतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचं मधलंच: बांधिलकी नाही, पण दुसऱ्या खासगी विद्यापीठाला त्या वेळी अर्ली अर्ज करायचा नाही.

माझं मत आधीच सांगते. कॉलेज किती आवडतं हा दुसरा प्रश्न. पहिला पैशाचा, आणि तो ऑक्टोबरच्या आत सुटायला हवा. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो; आर्थिक मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल याचा अंदाज तो देतो. टॅक्स रिटर्न समोर घेऊन दोघांनी बसा आणि खरे आकडे भरा. बऱ्याच नामवंत खासगी कॉलेजांत वर्षाचा सगळा खर्च आता 90,000 डॉलरच्या आसपास आहे. ईडी केलं की चार ठिकाणची मदत शेजारी शेजारी ठेवून बघता येत नाही. मध्यमवर्गीय घरांना ते फार जड जातं असं मला मनापासून वाटतं. आता तुम्ही लिहा, हातचं न राखता.

लाँग आयलंडहून एक आई

आम्ही 2024 मध्ये ईडी केलं, कॉर्नेल विद्यापीठाला. 1 नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं. एकीकडे सासूबाई चकल्या तळतायत, दुसरीकडे लेक लॅपटॉपवर एसेचं, म्हणजे अर्जातल्या निबंधाचं, शेवटचं वाक्य खोडतेय आणि पुन्हा लिहितेय. पण खरा निर्णय त्याआधीच झाला होता. ईडीच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. माझी सही करायची वेळ आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "एप्रिलमध्ये मैत्रिणींना आणखी कुठे कुठे मिळालं हे ऐकशील, तेव्हा वाईट वाटेल का?" ती म्हणाली, "आई, मला कामगार संबंधच शिकायचेत, आणि तिथे त्यासाठी अख्खं कॉलेज आहे." एवढं स्पष्ट उत्तर आल्यावर मी सही केली.

आम्हाला पैशाचाही धीर होता. कॉर्नेल खासगी असलं तरी तिथली काही कॉलेजं न्यूयॉर्क राज्याच्या मदतीवर चालतात आणि राज्यातल्या रहिवाशांना तिथली फी बरीच कमी असते. लेकीचं कॉलेज त्यातलंच. न्यू जर्सीत राहत असतो तर सही केली असती का, हे सांगता येत नाही.

पुण्याहून एक विद्यार्थी, सध्या मॅसॅच्युसेट्स

धागाकर्ती ताई, माझा अनुभव तुमच्या मताच्या अगदी उलट आहे. आमच्या घरची ऐपत अशी होती की जवळजवळ पूर्ण मदत मिळाली तरच जाणं शक्य. मग तुलना कशाची करणार? मदत पुरेशी नसेल तर ईडीतून सुटता येतं, असं करारातच आहे. म्हणजे आमच्यासाठी बांधिलकीचा धोका जवळपास नव्हताच.

परदेशी मुलाने मदत मागितली तर बहुतेक कॉलेजं निर्णय घेताना ते लक्षात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच ते बघत नाहीत. बाकी ठिकाणी पैसे शिल्लक असतानाच, म्हणजे अर्लीतच, विचारावं, हा माझा हिशेब होता.

जास्त त्रास कागदपत्रांचा झाला. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज नोव्हेंबरला, त्यामुळे 600 पैकी अंदाजे किती पडतील याचं पत्र हवं. आमच्या ज्युनियर कॉलेजात काउन्सेलर नव्हता. ऑफिसमधल्या काकांनी लेटरहेड दिलं, पण शिक्का मारायला तयार नव्हते, "न झालेल्या परीक्षेचे मार्क कसे लिहून देऊ?" त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी प्राचार्यांनी अकरावीच्या निकालावरून पत्र लिहून दिलं. भारतातून करणाऱ्यांनी हे ऑगस्टमध्येच सुरू करा.

ओहायोहून

वरच्या मुलाने लिहिलेलं आम्ही प्रत्यक्ष अनुभवलंय. मुलाला डिसेंबरमध्ये ईडीने घेतलं, पण मदतीचं पत्र कॅल्क्युलेटरच्या आकड्यापेक्षा खूप कमी निघालं. माझ्या धंद्याचं उत्पन्न त्यांनी वेगळ्या पद्धतीने धरलं होतं. आम्ही कागद जोडून फेरविचाराची विनंती केली. आकडा हलला नाही, तेव्हा त्यांनी लेखी मोकळं केलं. पण पोराची अख्खी नाताळची सुट्टी उरलेले अर्ज भरण्यात गेली. स्वतःचा धंदा असणाऱ्यांनी कॅल्क्युलेटरवर विसंबू नका, ऑक्टोबरमध्ये थेट कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीच्या ऑफिसला, फोन करा.

इलिनॉयमधली एक गणिताची शिक्षिका

पालक मला नेहमी सांगतात की अर्लीचं प्रवेशाचं प्रमाण जास्त असतं. आकडा जास्त असतो हे खरं. पण त्या गटात आधीच ठरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. तुमच्या मुलाची शक्यता तेवढीच वाढते असं नाही.

दुसरं असं की 1 नोव्हेंबरला कॉलेजसमोर मुख्यतः ज्युनियर इयरपर्यंतचेच, म्हणजे अकरावीपर्यंतचेच, मार्क असतात. ज्याला उशिरा सूर सापडलाय, जो आत्ता कॅल्क्युलसमध्ये उत्तम करतोय, त्याचं पहिलं सेमिस्टर दिसू द्या. अशा मुलांना घाईने नोव्हेंबरात ढकललेलं बघून मला फार वाईट वाटतं.

फ्रीमाँटहून

आम्ही अर्ली केलंच नाही. यूसीला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाला, तो प्रकार नाही, सॅट या प्रवेश परीक्षेचे मार्कही बघत नाहीत, आणि अर्ज नोव्हेंबरअखेर. सगळा जोर त्या छोट्या निबंधांवर दिला. लेक यूसीच्याच सॅन डिएगो कॅम्पसला मजेत आहे.

डॅलसहून एक बाबा

एक प्रश्न. ईडीत नाही मिळालं तर लगेच ईडी 2 करावं का?

धागाकर्ती

दादा, ईडी 2, म्हणजे ईडीची दुसरी फेरी. तिचे अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला आणि निकाल फेब्रुवारीत. बांधिलकी तीच. सगळीकडे ते नसतं. शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट या विद्यापीठांना आहे. यादी आत्ताच करा आणि तिथलंही कॅल्क्युलेटर आत्ताच भरा, कारण नकार आल्यावर त्या आठवड्यात मुलाला कुणीतरी "हो" म्हणायला हवं असतं आणि पैशाचा विचार बाजूला राहतो. रेग्युलरचे एसेही डिसेंबरच्या निकालाआधी लिहून ठेवायला सांगा. आणि मुलगा टेक्सासच्या शाळेत वरच्या काही टक्क्यांत असेल तर यूटी ऑस्टिनचा, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा, आपोआप प्रवेश आहे का, ते शाळेकडून आधी विचारून घ्या. तो असेल तर ईडी 2 ची गरज आहे का, याचं उत्तर वेगळं येईल.