योजनेत स्टेंट बसला, तरी खिशातनं ३९ हजार गेले. हा पैसा नक्की कोण भरतं?

तासगावची_सून
नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. फेब्रुवारीत ऐन माल काढायच्या गडबडीत मामांच्या (सासऱ्यांच्या) छातीत कळ आली. रात्री दहाला गाडी करून मिरजेला नेलं. केशरी रेशनकार्ड होतं, सरकारच्या महात्मा फुले मोफत उपचार योजनेतनं स्टेंट (हृदयाच्या नसेतली जाळी) बसला, पाचव्या दिवशी घरी. ऑपरेशनचं बिल शून्य. पण माझ्या वहीत हे आहे: गाडी ३,५००, पहिल्या रात्रीच्या तपासण्या-औषधं ११,२००, 'डिपॉझिट' २०,०००, आमचं राहणं-खाणं ४,१००. शिवाय आता गोळ्या, महिन्याला २,२०० च्या.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सरकारचे पैसे उशिरा येतात, आम्ही काय करायचं?" दीर कुपवाड एमआयडीसीत आहेत, ते म्हणतात, "आमच्या पगारातनं कापून तुम्हाला देतात." आणि गावातल्या एका पुढाऱ्यानं मामांसोबतचा फोटो स्टेटसला ठेवला, जणू स्टेंट त्याच्याच खिशातनं आला. खरं काय?

कृष्णाकाठ
सरकार भरतं म्हणजे आपणच भरतो, ताई. फोटो तेवढा त्याचा.

जुना_आरोग्यमित्र
ताई, दवाखान्यात या योजनेच्या टेबलावर सहा वर्षं बसलोय, म्हणून जरा सविस्तर.

आधी दिरांचं. त्यांचं कापतात ते ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं. पगार १९,५०० असेल तर ०.७५ टक्क्यानं त्यांचे १४७ रुपये, मालकाचे ३.२५ टक्क्यानं ६३४. तो वेगळा गल्ला, त्यातला रुपयाही तुमच्या स्टेंटला आलेला नाही. उलट आईवडील त्यांच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही तिथं उपचार मिळतात. पण आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत लागतं, आणि बाग मामांच्या नावावर असेल तर अवघड आहे.

तुमच्या योजनेत घरच्यांना हप्ता भरावा लागत नाही. पैसा सरकारी तिजोरीतनं. तुमचं कुटुंब केंद्राच्या आयुष्मान यादीत असेल तर ६० टक्के दिल्ली, ४० टक्के मुंबई. नसेल तर सगळा भार राज्यावर. आणि तिजोरीत तुम्हीही टाकताच की. शेतीला आयकर नाही, पण बागेवर मारलेल्या रासायनिक औषधावर १८ टक्के जीएसटी दुकानदारानं घेतलाय, बिल काढून बघा.

आता मुख्य गोष्ट. सरकार दवाखान्याला बिलाप्रमाणं देत नाही, पॅकेजप्रमाणं देतं. एका आजाराला ठरलेला आकडा. पेशंट तीन दिवस राहू दे नाहीतर आठ. आधी ऑनलाइन मंजुरी, मग ऑपरेशन, डिस्चार्जनंतर स्टेंटचा स्टिकर, तपासणीची सीडी, सगळं ऑनलाइन चढवून पैशाची मागणी, म्हणजे क्लेम. एक कागद कमी पडला की 'क्वेरी' (शंका) येते आणि फाईल परत फिरते. तोवर स्टेंटवाला दवाखान्याकडं पैसे मागत उभा. म्हणून काउंटरवरचा पोरगा खोटं बोलला नाही. पण त्याची वसुली तुमच्याकडनं करायची ही सोय कुठल्याही नियमात नाही. योजनेतल्या पेशंटकडनं डिपॉझिट घेता येत नाही. तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, घरी गेल्यावर दहा दिवसांच्या गोळ्या, अगदी परतीचं एसटीभाडंसुद्धा पॅकेजात धरलेलं असतं. आमच्याकडं भाड्याचे पैसे घेताना म्हाताऱ्या माणसांना हसू यायचं.

२०१३ च्या नोव्हेंबरात ही योजना 'राजीव गांधी जीवनदायी' नावानं आपल्याकडं आली तेव्हा मर्यादा दीड लाख होती, आता पाच लाख आहे. पण मर्यादा वाढली म्हणून तुमच्या गोळ्यांचे २,२०० सुटत नाहीत. योजना मुख्यतः भरती झालेल्याला बघते, बाहेरनं औषध घेणाऱ्याला तेवढं नाही. माझ्या मते खरी गळती तिथंच आहे. गोळ्या सिव्हिलला किंवा जनऔषधी दुकानात बघा, चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव लिहून मागा.

डिपॉझिटच्या तक्रारीसाठी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन करा. पावती लागेल.

वाई_फाटा
थोडी भर. ट्रस्टचा दवाखाना असेल तर धर्मादाय नियमानं १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी दवाखान्यानं एकूण बिलाच्या २ टक्के बाजूला काढायचे असतात. म्हणजे तिथं पैसेवाल्या पेशंटच्या बिलातनं गरिबाचं निघतं. पण विचारल्याशिवाय कोण सांगत नाही, माझ्या मावशीच्या वेळी आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

तासगावची_सून
दादा, आभार. दिरांना वाचून दाखवलं, गप्प बसले. वीस हजारांची पावती हुडकली. कोऱ्या कागदावर पेनानं आकडा आणि खाली सही, शिक्का नाही. तरी उद्या फोन लावते. एसटीभाड्याचं आम्हाला कुणी बोललंच नाही. येताना पण गाडीच केली होती, ३,५०० ची. ते वहीत लिहायचंच राहिलंय.